तीन वर्षांनी फोन करायचा तर काय म्हणून करायचा?

"ताई, नमस्कार. मी ऐरोलीत राहते, वय ३६. अंधेरीच्या एका जाहिरात संस्थेत आठ वर्षं पॅकेजिंग डिझायनर होते. आईला पक्षाघात झाला म्हणून तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता ती काठी घेऊन चालते, पण तिला फार वेळ एकटं ठेवता येत नाही. तेव्हापासून घरूनच काम करते. वागळे इस्टेटमधले एक प्रिंटर मला नेमाने लेबलांची आणि खोक्यांची आर्टवर्क द्यायचे. निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडूनच यायचं. वय झालं म्हणून त्यांनी प्रेस बंद केली आणि गेले दोन महिने माझ्या हातात जवळजवळ काहीच नाही. सगळे म्हणतात, नेटवर्किंग कर. वाशीला व्यावसायिकांच्या एका मेळाव्याला जाऊन आले, तीसेक कार्डं वाटली, एकही फोन आला नाही. मला लोकांच्या पुढे पुढे करता येत नाही. वशिल्याने काही मिळवायचं नाही, असंच आमच्या घरात शिकवलं. जुन्या ऑफिसातल्या कोणालाही तीन वर्षांत साधा फोन केलेला नाही. आता काम हवं म्हणून केला तर मतलबी वाटणार नाही का? आणखी एक. रबाळ्याच्या एका कंपनीकडे माझं बिल चार महिने अडकलंय. मागितलं तर पुढचं काम जाईल, अशी भीती वाटते." – एक ऐरोलीकर

प्रिय ऐरोलीकर,

मतलबी वाटणार नाही का, इथूनच सुरुवात करते. पत्रातलं बाकीचं सगळं या एका प्रश्नामागे अडलेलं आहे, असं मला वाटतं.

मी २००३ पासून नौपाड्यात घरी बसून भाषांतराचं काम करते. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या त्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, असलं काम. २००९ साली, मंदीच्या दिवसांत, माझी दोन मोठी कामं एकाच महिन्यात थांबली. पूर्वी माझ्याबरोबर नोकरीत असलेली एक मैत्रीण तेव्हा एका संस्थेत भाषांतरांची कामं वाटून द्यायची. तिला फोन करावा, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण तिच्या मुलाच्या बारशाला मी गेले नव्हते, नंतर साधी चौकशीही केली नव्हती. आता कुठल्या तोंडाने फोन करू, असं म्हणत मी तीन आठवडे घालवले. शेवटी केला. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तू कुठेतरी नोकरीला लागलीस. मागच्याच आठवड्यात चाळीस पानांचं काम दुसरीकडे दिलं, तेही धड झालं नाही." मी तीन आठवडे ज्या अबोल्याने झुरत होते, तो तिच्या लक्षातही आला नव्हता. तिच्याही घरी लहान मूल होतं आणि तीही कोणाला फोन करत नव्हती.

तुमच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांना बहुधा इतकंच ठाऊक असेल की, आईच्या आजारपणामुळे तुम्ही काम सोडलं. 'काम सोडलं' याचा अर्थ त्यांनी डिझाइनच सोडलं असा घेतला असेल, तर त्यांचा काय दोष? तुम्ही घरून काम करता, हे त्यांना कोणी सांगितलंय? आठ वर्षांत ज्यांच्या शेजारी बसून तुम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत प्रूफं तपासलीत, त्यातले काहीजण आज दुसऱ्या संस्थांत असतील, कोणी एखाद्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात गेलं असेल, कोणी स्वतःचा व्यवसाय थाटला असेल. तुमचं काम कसं असतं, हे त्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वाशीच्या मेळाव्यातल्या तीस अनोळखी माणसांना ते कार्डावरून कळणं शक्यच नव्हतं. म्हणून त्या न आलेल्या फोनांचं फार मनाला लावून घेऊ नका.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की, ज्याने ही खबर दिली तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले ५५.६ टक्के. आणि २७.८ टक्के लोकांना ती कळली होती वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून. विचारलेली माणसं ५४च होती आणि तो काळ, तो देश वेगळा. तरी त्याने सांगितलेलं कारण मला आपल्याकडेही लागू पडताना दिसतं. रोजच्या जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. दूर गेलेला माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो, तिथल्या गोष्टी त्याच्या कानावर पडतात. तुमचे जुने सहकारी नेमके तसे आहेत.

तेव्हा फोन करा, आणि कामासाठीच करतेय हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका. मतलबी वाटतो तो माणूस, जो दहा मिनिटं मुलाबाळांची विचारपूस करतो आणि शेवटी हळूच 'बरं, एक काम होतं' म्हणतो. त्या एका वाक्याने आधीची सगळी विचारपूस खोटी ठरते. फोनची भीड वाटत असेल तर आधी व्हॉट्सॲपवर लिहा. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: "नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आईच्या आजारपणात कोणाशीच संपर्क ठेवता आला नाही. ती आता बरीच सावरली आहे. मी घरून पॅकेजिंगचं काम करते, मुख्यतः खाद्यपदार्थांची पाकिटं, लेबलं आणि खोकी. गेल्या दोन महिन्यांत काम कमी झालंय आणि माझ्याकडे वेळ आहे. तुझ्याकडे किंवा ओळखीत असं काही निघालं तर माझं नाव सुचवशील का? नुकत्याच केलेल्या एका खोक्याचा फोटो पाठवतेय. तुझं काय चाललंय, तेही कळव." एवढंच. फोटो एकच, छापून आलेल्या खऱ्या खोक्याचा. पंचवीस पानांची पीडीएफ बघायला कोणाला सवड नसते.

हा एकच मजकूर सगळ्यांना ढकलू नका. रोज दोघांना लिहा, आणि प्रत्येकाला त्याच्या-तुमच्यातली एखादी खरी आठवण घालून लिहा. पंधरा दिवसांत तीस माणसं होतील. काहींचं उत्तर येणार नाही. त्यांना महिनाभर काही विचारू नका, मग एकदाच आठवण द्या आणि सोडून द्या.

आता वशिल्याचं. तुमच्या घरच्या शिकवणुकीबद्दल मला आदर आहे, माझ्याही घरी तीच होती. पण वशिला म्हणजे ज्याची पात्रता नाही त्याला ओळखीच्या जोरावर पुढे ढकलणं. त्यात रांगेतल्या दुसऱ्या कोणाचा तरी हक्क मारला जातो. तुम्ही तसं काही मागत नाही आहात. "मला हे काम येतं, तू ते पाहिलं आहेस, गरज लागली तर सांग," एवढंच तुमचं म्हणणं आहे. चांगला सुतार कोणता, हे आपण शेजाऱ्यालाच विचारतो ना? त्या शेजाऱ्याने सुताराचं नाव सांगितलं, तर आपण त्याला वशिला म्हणत नाही. उलट नाव सांगणारा स्वतःचा शब्द पणाला लावत असतो.

म्हणूनच एक गोष्ट कधीही चुकवू नका, आणि हे मी फार कळकळीने सांगतेय. कोणी तुमचं नाव कुठे सुचवलं, तर पुढे काय झालं ते त्या माणसाला कळवा. काम मिळालं तर कळवा, दर जमला नाही म्हणून बोलणं फिसकटलं तरी कळवा. "तू सांगितलंस त्यांच्याशी बोलले, सध्या त्यांचं बजेट नाही, पण जूनमध्ये पुन्हा बोलू म्हणालेत. आठवणीने नाव दिलंस, बरं वाटलं." या दोन ओळींना एक मिनिटही लागत नाही. माझ्या २० वर्षांहून अधिक काळात मी कित्येकांची नावं पुढे दिली. त्यातल्या फार थोड्यांनी असं परत कळवलं. ज्यांनी कळवलं, त्यांचीच नावं पुढच्या वेळी आधी तोंडावर आली. बाकीचे वाईट होते असं नाही, पण त्यांचं काय झालं हेच मला ठाऊक नव्हतं, मग पुन्हा शब्द टाकायला मन कचरायचं.

तुमच्या प्रिंटरकाकांकडे वळते. प्रेस बंद झाली, हे खरं. पण तिथे किती माणसं कामाला होती? मशीनमन, डीटीपीवाला, कटिंगवाला, खोकी चिकटवणाऱ्या बाया, टेम्पोवाला. ती माणसं आज वागळे इस्टेटच्याच दुसऱ्या गाळ्यांत असतील, नाहीतर महापे-पावण्याकडे गेली असतील. तुमच्या फाइलला ब्लीड (कापताना लागणारी कडेची जास्तीची छपाई) नीट सोडलेलं असतं, डायलाइन (खोकं कुठे कापायचं-दुमडायचं ती रेघ) वेगळ्या लेयरवर असते, प्लेट पुन्हा काढावी लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ज्यांना डिझायनरच्या चुका निस्तराव्या लागतात, त्यांची शिफारस मालकाच्या शिफारशीपेक्षा मला जास्त मोलाची वाटते. काकांनाही भेटायला जा, आणि हे केवळ कामासाठी नको. त्यांनी तुम्हाला तीन वर्षं सांभाळलं. प्रेस बंद केलेल्या माणसाच्या घरी मग फारसं कोणी फिरकत नाही. गेल्यावर सहज विचारा, तुमची जुनी गिऱ्हाइकं आता कुठे छापतात? ती गिऱ्हाइकं काही छपाईची थांबलेली नाहीत. त्यांच्या लेबलांच्या मूळ फाइली तुमच्याच संगणकात आहेत. पुढच्या छपाईत किंमत बदलायची झाली, तरी त्यांना तुमची गरज लागेल. काकांच्या परवानगीने त्यांना फोन करून एवढं सांगा की, फाइली माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत, लागल्या तर मागा.

दुसरं म्हणजे, 'मी डिझायनर आहे' असं सांगणं थांबवा. ते कोणाच्या लक्षात राहत नाही. लग्नपत्रिका करणाराही डिझायनर आणि कपडे शिवून घेणारीही डिझायनर. "मी खाण्याच्या वस्तूंची पाकिटं आणि लेबलं करते," हे सोसायटीतल्या आजींनाही कळतं, आणि त्यांच्या भाचीचा मसाल्याचा धंदा कोपरखैरण्यात असेल तर त्यांना तो लगेच आठवतो.

आणि तुमच्या जवळ असं ज्ञान आहे, जे छोट्या उद्योजकाकडे नसतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक लागतो. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाची तारीख, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता. २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार चौकटीत तपकिरी त्रिकोण हवा. आपल्याकडच्या आगरी-कोळी भगिनी कोलंबीचं लोणचं किती सुंदर करतात! बचत गटांच्या प्रदर्शनात अशी बरणी दिसली आणि तिच्यावर जुनाच ठिपका असला, तर तिथेच शांतपणे सांगा. पैसे मागू नका, कार्डही लगेच पुढे करू नका. आधी लोणचं विकत घ्या, चौकशी करा, छपाई कुठे केली ते विचारा. ही बाई तुम्हाला उद्याच मोठं काम देईल असं नाही. तिचा नफा तुटपुंजा असतो, आणि तिच्याकडून मोठ्या कंपनीचा दर मागणं बरोबरही नाही. पण अडचण टाळून देणारी ओळखीची बाई म्हणून तुम्ही तिच्या लक्षात राहाल, आणि असे स्टॉलवाले एकमेकांशी सतत बोलत असतात.

मेळाव्यांबद्दल थोडक्यात. बीएनआयसारख्या, व्यावसायिकांनी एकमेकांना कामं सुचवण्याच्या गटात दर आठवड्याला, बहुधा सकाळी लवकर, हजेरी लागते आणि वर्षाची फी भरावी लागते. एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद, हा त्यांचा नियम काहींना फार फायद्याचा ठरतो. पण आईची सकाळची औषधं, व्यायाम सांभाळून दर आठवड्याला घराबाहेर पडणं तुम्हाला आज झेपणार नाही, म्हणून आत्ता त्यात पैसे घालू नका. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे, पाहुणी म्हणून एकदा जाऊन बघा. माझं स्वतःचं मत असं की, जिथे सगळे विकायलाच आलेले असतात तिथल्यापेक्षा जिथे आपलं गिऱ्हाईक त्याच्या कामासाठी येतं तिथे जावं. वाशी स्टेशनजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाद्यपदार्थांचं किंवा लघुउद्योगांचं प्रदर्शन असेल तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी नसताना दोन तास जा. चार स्टॉलवाल्यांशी नीट बोललात तरी खूप झालं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वहीत नाव, काय बोलणं झालं, त्यांची अडचण काय होती, हे लिहून ठेवा. माझ्या अशा पाच वह्या भरल्या आहेत.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं. तुमच्यासारखंच काम करणारे दुसरे डिझायनर. तुम्ही त्यांना स्पर्धक मानत असाल, तर ते मनातून काढून टाका. माझं आजचं जवळजवळ निम्मं काम दुसऱ्या भाषांतरकारांकडून येतं. डोंबिवलीची एक मैत्रीण कायद्याची कागदपत्रं करते, यंत्रांचं काम आलं की माझ्याकडे पाठवते. माझ्याकडे करारनामा आला की मी तिच्याकडे. कोणाच्या घरी लग्न, कोणाचं ऑपरेशन, अशा वेळी आम्ही एकमेकींची कामं सांभाळली आहेत. तुमच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. उद्या आईला अचानक हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तर हातातलं आर्टवर्क कोण पूर्ण करेल? असा एक माणूस आजच शोधून ठेवा. पथ्य एकच: दुसऱ्या डिझायनरकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी त्या डिझायनरला न विचारता परस्पर व्यवहार करायचा नाही. एकदा मी पाठवलेल्या एका मुलीने माझ्याच गिऱ्हाइकाला कमी दर सांगून काम परस्पर स्वतःकडे घेतलं. मला ते फार लागलं, बरेच दिवस मी कोणालाच काही पाठवलं नाही. त्या काळात माझ्याकडेही कुठून काही आलं नाही. मग पुन्हा सुरू केलं, फक्त माणूस जरा पारखून.

उरलं रबाळ्याचं बिल. काम करून दिलं आहे, पैसे तुमचे आहेत, आणि ते मागितल्याने संबंध बिघडत नाहीत. न मागितल्याने मात्र आपणच त्या माणसाला टाळायला लागतो. त्याचा फोन आला की पोटात गोळा येतो, बोलण्यात कडवटपणा येतो. रबाळे तुमच्यापासून एकच स्टेशन. आधी फोन करून वेळ घ्या आणि स्वतः जा, बिलाची छापील प्रत घेऊन. ज्याने काम दिलं त्याला भेटा, आणि त्याच्याकडूनच अकाउंट्समधल्या माणसाची ओळख करून घ्या. पुष्कळदा बिल अडलेलं असतं ते कोणाच्या मनात खोट असल्यामुळे नव्हे, तर पीओ (खरेदी आदेशाचा) क्रमांक लिहिलेला नसतो, किंवा काम देणाऱ्याने बिल पुढेच पाठवलेलं नसतं. अकाउंट्सवाल्याशी बोलायला कोणी जात नाही. तुम्ही गेलात, नीट बोललात, तर पुढचं बिलही लवकर सुटेल. नेटवर्किंगच्या गप्पांत या माणसाचं नाव कोणी घेत नाही, पण मला तो मार्केटिंग मॅनेजरइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, केली नसेल तर याच आठवड्यात करा. ती ऑनलाइन होते, सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही, मधल्या एजंटला पैसे देऊ नका. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरवलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. शिवाय २०२३ साली आयकर कायद्यात झालेल्या बदलामुळे, मुदतीत न दिलेलं असं बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतं. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंट्सचा विभाग स्वतःहून लक्ष देतो. रबाळ्याचं जुनं काम नोंदणीच्या आधीचं असेल तर त्याला या कायद्याचा आधार मिळेलच असं नाही. ते बिल बोलूनच सोडवलेलं बरं. पुढच्या प्रत्येक कोटेशनवर मात्र आगाऊ रक्कम किती, किती वेळा बदल करून मिळतील आणि पैसे किती दिवसांत, हे तीन मुद्दे लिहून त्यांच्याकडून ईमेलवर होकार घ्या.

कोणी विचारलं, "तीन वर्षं होतीस कुठे?" तर सरळ सांगा, आईजवळ होते. त्याला जोडून कसलंही स्पष्टीकरण देऊ नका, आवाज खाली आणू नका.

पहिला फोन काकांच्या मशीनमनला करा. त्याच्याशी बोलणं तुम्हाला सगळ्यात सोपं जाईल. त्याचा नंबर नसेल तर काकांना प्लेटा करून देणारा किंवा कागद पुरवणारा जो कोणी होता, त्याला विचारा. वागळे इस्टेटमध्ये कोण कुठल्या गाळ्यात गेलं, याची त्याला खात्रीने खबर असेल.